भूकंप, महापूर आणि ग्रह : मेदिनीय ज्योतिषाची वाचनपद्धत

जन्मकुंडली पाहणारे ज्योतिषी पुष्कळ आहेत. देशाची, पावसाची, जमिनीची कुंडली पाहणारे थोडे. सिद्धांत (गणित), होरा (जन्मकुंडलीचे फलित) आणि संहिता या ज्योतिषाच्या तीन स्कंधांपैकी आपत्तींचा विचार संहितेत येतो, आणि त्यालाच आज मेदिनीय ज्योतिष म्हणतात. होराशास्त्रात मुरलेला माणूस इथे पहिल्याच पायरीवर अडखळतो, कारण इथे जातकच, म्हणजे ज्याची कुंडली पाहायची तो माणूसच, नसतो. जन्मवेळ नाही, जन्मराशी नाही. लग्न (पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा अंश) घ्यायचे ते कोणत्या क्षणाचे आणि कोणत्या गावाचे, इथपासून सुरुवात करावी लागते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. ग्रहस्थितीवरून भूकंपाची किंवा वादळाची वेळ सांगता येते, हे आजवर कोणत्याही मोजमापात सिद्ध झालेले नाही. ज्योतिषी काय पाहतात, कोणत्या क्रमाने पाहतात आणि कुठे घसरतात, एवढाच या लेखाचा विषय. पद्धत नीट कळली की 'शनी-मंगळ युतीमुळे भूकंप' हे वाक्य किती पाण्यात आहे तेही कळते.

काय, कुठे, कधी

आपत्तीच्या भाकितात तीन वेगळे प्रश्न असतात आणि परंपरेत प्रत्येकासाठी वेगळे साधन आहे. आपत्ती कोणत्या प्रकारची, हे राशीतत्त्व, नक्षत्र आणि ग्रहाचे कारकत्व (तो कोणत्या गोष्टी दर्शवतो) यांवरून ठरवतात. कुठे, हे कूर्मचक्र (नक्षत्रांना दिशा वाटून देणारे चक्र), ग्रहण कुठून दिसते आणि राजधानीचे लग्न यांवरून. कधी, हे शीघ्रगती ग्रहांच्या गोचरावरून, म्हणजे चालू भ्रमणावरून. नवशिका एकाच युतीवरून तिन्ही उत्तरे काढू पाहतो आणि तिथेच फसतो. 'शनी-मंगळ युती कुंभेत, म्हणून वादळ' या वाक्यात प्रकार आहे. स्थळ नाही आणि काळ दीड-दोन महिन्यांएवढा पसरट आहे. शनी-मंगळ युती साधारण दर दोन वर्षांनी होतेच, हेही लक्षात ठेवा.

गणित : इथे एक कलेची चूक लग्न बदलते

मेदिनीय ज्योतिषात मुख्यतः चार प्रकारच्या कुंडल्या मांडतात. सूर्य निरयन (स्थिर ताऱ्यांवरून मोजलेल्या) मेषेत शिरतो त्या क्षणाची जगल्लग्न कुंडली. चैत्र शुक्ल प्रतिपदा लागते, म्हणजे आधीची अमावास्या संपते, त्या क्षणाची वर्षप्रवेश कुंडली. सूर्याच्या आर्द्रा प्रवेशाची पावसासाठीची कुंडली. आणि ग्रहणांच्या कुंडल्या. यांखेरीज महिन्याच्या अंदाजासाठी दर अमावास्या-पौर्णिमेची कुंडली काढतात. पाश्चात्त्य पद्धतीत जगल्लग्नाची जागा सायन (वसंतसंपातापासून मोजलेल्या) मेषप्रवेशाची, म्हणजे २०-२१ मार्चच्या सुमाराची, कुंडली घेते.

संक्रांतीच्या कुंडलीत एक मोठा खड्डा आहे. सूर्य दिवसाला जेमतेम एक अंश चालतो, म्हणजे त्याला एक कला (अंशाचा साठावा भाग) सरकायला सुमारे २४ मिनिटे लागतात. लग्न मात्र सरासरी ४ मिनिटांत एक अंश पुढे जाते. म्हणून अयनांशात (सायन आणि निरयन मोजणीतल्या अंतरात) एका कलेचा फरक पडला की संक्रांतीचा क्षण २४ मिनिटांनी आणि लग्न सुमारे ६ अंशांनी हलते. लाहिरी आणि कृष्णमूर्ती अयनांशांत जवळपास ६ कलांचा फरक आहे. तेवढ्यावर संक्रांतीची वेळ सव्वादोन तासांहून अधिक सरकते आणि बहुधा लग्नराशीच बदलते. लाहिरी आणि रमण अयनांशांतले अंतर तर जवळपास दीड अंशाचे, म्हणजे जगल्लग्न दीड दिवस मागेपुढे. दोन ज्योतिषांची जगल्लग्न कुंडली जुळत नाही तेव्हा भांडण बहुतेकदा फलिताचे नसते, अयनांशाचे असते.

अमावास्या-पौर्णिमेच्या कुंडल्या याबाबतीत भक्कम आहेत. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातले अंतर. त्यातून अयनांश वजा होऊन जातो. चंद्र सूर्यापासून तासाला साधारण अर्धा अंश पुढे सरतो, त्यामुळे एका कलेची चूक दोनच मिनिटांची ठरते. कोणतेही अयनांश घ्या, अमावास्येचा क्षण तोच राहतो. बदलतात ते फक्त राश्यंश. म्हणूनच अनुभवी मंडळी चैत्र प्रतिपदेच्या कुंडलीला जगल्लग्नापेक्षा जास्त वजन देतात. आम्हालाही ते पटते, निदान गणिताच्या अंगाने.

वेळ टिपताना प्रमाणवेळेचा घोळ टाळा. भूकंपांच्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला; जागतिक वेळेनुसार तेव्हा २९ तारखेची रात्र होती. तारीख चुकली तर चंद्र १२-१३ अंशांनी, म्हणजे जवळजवळ एका नक्षत्राने, सरकतो आणि पुढचे सगळे वाचन वाया जाते. स्विस एफेमेरिस या ग्रहगणिताच्या संगणकीय सारणीवर चालणारे कोणतेही सॉफ्टवेअर पुरेसे अचूक असते. फक्त त्यात कोणते अयनांश निवडले आहेत आणि राहू मध्यम (सरासरी गतीचा) आहे की स्पष्ट (प्रत्यक्ष स्थितीचा), हे कुंडलीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

भाव कसे वाचतात

लग्न राजधानीचे घेतात. पहिला भाव देश आणि त्याची एकंदर प्रकृती. चौथा भाव आपत्तीच्या वाचनात सर्वांत महत्त्वाचा, कारण जमीन, पिके, खाणी आणि इमारती यांचा तो भाव; भूकंपाचा विचार इथून सुरू होतो. सहावा रोगराईचा, आठवा मोठ्या प्रमाणावरील मृत्यू आणि अचानक संकटांचा, बारावा हानीचा. चौथ्या भावाच्या समोर दहावा, म्हणजे राज्यकर्ते. त्यामुळे चौथा भाव पीडित असताना दशमावरची दृष्टी पाहून ज्योतिषी सरकारच्या मदतकार्याबद्दलही बोलतात.

पाहण्याचा क्रम असा. आधी चतुर्थेश (चौथ्या भावातील राशीचा स्वामी) कुठे आहे, तो अस्तंगत (सूर्याजवळ असल्याने न दिसणारा) आहे का, पापग्रहांच्या, म्हणजे शनी-मंगळासारख्या अशुभ मानलेल्या ग्रहांच्या, मध्ये अडकला आहे का. मग चौथ्या भावात किंवा चौथ्या भावमध्याच्या अंशाजवळ कोण आहे. मंगळ स्वतःपासून ४, ७, ८ या स्थानांवर आणि शनी ३, ७, १० या स्थानांवर पूर्ण दृष्टी टाकतो. दोघांच्या दृष्टी चतुर्थावर एकत्र पडल्या तर ते पहिले ठळक चिन्ह मानतात. शेवटी गुरूची दृष्टी. ५, ७, ९ या स्थानांवरून गुरू चौथा भाव पाहत असेल तर संकट 'झेपेल एवढे' असे वाचतात. गुरूच्या या सवलतीमुळे भाकीत कधीच खोटे पडत नाही: आपत्ती आली तर पापग्रहांमुळे, टळली तर गुरूमुळे. स्वतःच्या कामात प्रामाणिक राहायचे असेल तर गुरूचा परिणाम आधीच आकड्यात लिहा. उदाहरणार्थ, 'गुरूची दृष्टी असल्यास भूकंप ६ रिश्टरच्या आत.' मग पळवाट उरत नाही.

आपत्तीचा प्रकार : राशी, ग्रह, नाड्या

तत्त्वांची विभागणी सर्वांना ठाऊक असते. पृथ्वीतत्त्वाच्या वृषभ, कन्या, मकर. जलतत्त्वाच्या कर्क, वृश्चिक, मीन. वायुतत्त्वाच्या मिथुन, तूळ, कुंभ. अग्नितत्त्वाच्या मेष, सिंह, धनू. त्यावरून पृथ्वीराशीत पापयोग म्हणजे भूकंप, जलराशीत पूर, वायुराशीत वादळ, अग्निराशीत दुष्काळ आणि वणवे असे सरळ समीकरण मांडतात. पाश्चात्त्य ज्योतिषी भूकंपासाठी वृषभ-वृश्चिक अक्षाकडे विशेष पाहतात आणि हर्षलला (युरेनसला) अचानक धक्क्यांचा कारक मानतात.

ग्रहांत मंगळ अग्नी आणि स्फोट, शनी खोल जमीन, दाब आणि अवर्षण, चंद्र-शुक्र पाणी, बुध वारा, राहू-केतू अनपेक्षितता. वक्री ग्रहापेक्षा स्तंभी ग्रह जास्त बलवान मानतात. गती पालटताना मंगळ काही दिवस जवळजवळ एकाच अंशावर थांबतो आणि त्या अंशावर 'हातोडा पडत राहतो' असे समजतात. दोन तारा-ग्रह (बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी यांपैकी) एका अंशाच्या आत आले की ग्रहयुद्ध. त्यात हरलेला ग्रह ज्या गोष्टींचा कारक, त्यांची हानी सांगतात.

पावसासाठी आणि पुरासाठी सप्तनाडी चक्र वापरतात, आणि ते खरोखर सुबक आहे. कृत्तिकेपासून अभिजितसह २८ नक्षत्रे सात नाड्यांवर सापासारखी चढत-उतरत मांडायची: कृत्तिका चंडा, रोहिणी वायू, मृग दहना, आर्द्रा सौम्या, पुनर्वसू नीरा, पुष्य जला, आश्लेषा अमृता, मग मघा पुन्हा अमृता, पूर्वा जला, उत्तरा नीरा, हस्त सौम्या, चित्रा दहना, स्वाती वायू, विशाखा चंडा, अनुराधेपासून पुन्हा चंडा आणि तशीच चढण-उतरण भरणीपर्यंत. या नाड्यांचे स्वामी अनुक्रमे शनी, रवी, मंगळ, गुरू, शुक्र, बुध, चंद्र. नीरा, जला, अमृता या नाड्यांत चंद्रासह शुभग्रह जमले की भरपूर पाऊस. चंडा, वायू, दहना यांत पापग्रह जमले की वारा आणि कोरड. यात नेहमी होणारी चूक म्हणजे अभिजित विसरणे. अभिजित गाळले तर श्रवणापासून पुढच्या सगळ्या नाड्या एका घराने सरकतात. अभिजितची जागा उत्तराषाढाचा शेवटचा चरण आणि श्रवणाचा पहिला पंधरावा भाग; म्हणजे मकरेत ६ अंश ४० कलांपासून १० अंश ५३ कलांपर्यंत.

पंचांगात पावसाच्या नक्षत्रांसमोर छापलेली बेडूक, म्हैस, हत्ती ही वाहने याहून साधी मोजणी आहे. ती पावसाच्या मानासाठी. पुराचा इशारा म्हणून ती वापरू नयेत.

भूकंपाची चार मंडळे

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूकंपावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात आधी भूकंप का होतो याची वेगवेगळी मते दिली आहेत. कोणाच्या मते समुद्रातल्या प्रचंड प्राण्यांमुळे, कोणाच्या मते पृथ्वी तोलणाऱ्या दिग्गजांच्या विसाव्यामुळे, कोणाच्या मते वाऱ्यांच्या टकरीमुळे, तर कोणाच्या मते अदृष्टामुळे, म्हणजे न दिसणाऱ्या कर्मफलामुळे. मग भूकंप झाला त्या वेळच्या चंद्रनक्षत्रावरून त्याचे मंडळ ठरवले आहे:

वायव्य मंडळ – अश्विनी, मृग, पुनर्वसू, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती.
आग्नेय मंडळ – भरणी, कृत्तिका, पुष्य, मघा, पूर्वा, विशाखा, पूर्वाभाद्रपदा.
ऐंद्र मंडळ – रोहिणी, अनुराधा, ज्येष्ठा, उत्तराषाढा, अभिजित, श्रवण, धनिष्ठा.
वारुण मंडळ – आर्द्रा, आश्लेषा, मूळ, पूर्वाषाढा, शततारका, उत्तराभाद्रपदा, रेवती.

प्रत्येक मंडळाची आदल्या आठवड्यातली लक्षणेही सांगितली आहेत. वायव्य असेल तर धुरकट दिशा, धूळ उडवणारा आणि झाडे मोडणारा वारा, निस्तेज सूर्य. वारुण असेल तर काळेनिळे ढग आणि मंद गडगडाट. मात्र पुष्कळ जण इथे एक मूलभूत गोष्ट विसरतात. भूकंप होऊन गेल्यावर त्याचे फळ काय, कोणाला त्रास, पाऊस कसा, हे सांगण्यासाठी ही मंडळे आहेत. भूकंप हा इथे शकुन आहे, भाकिताचा विषय नव्हे. 'चंद्र आग्नेय मंडळात आला, सावध राहा' असे लिहिणारा माणूस मूळ पद्धत उलटी चालवतो. चंद्र दर २७ दिवसांत चारही मंडळे फिरतो. २८ पैकी ७ नक्षत्रे म्हणजे सुमारे एक चतुर्थांश काळ तो कोणत्याही एका ठरावीक मंडळात असतोच.

ग्रहणे : कुठे आणि किती काळ

ग्रहणाला मेदिनीय ज्योतिषात सर्वांत जास्त मान आहे. नियम असा की ग्रहण जिथे दिसते तिथेच त्याचे फळ. सूर्यग्रहणात याचा उपयोग होतो, कारण खग्रास पट्टा काही शे किलोमीटर रुंदीचाच असतो. चंद्रग्रहण मात्र निम्म्या पृथ्वीवरून दिसते. त्यातून स्थळ काढणे म्हणजे अर्धे जग निवडणे. हा फरक सांगणारे भाकीतकार क्वचितच भेटतात.

स्थळ आणखी नेमके करण्यासाठी ग्रहणक्षणी कोणत्या गावी ग्रहणबिंदू क्षितिजावर किंवा मध्यमंडलावर (माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) होता ते पाहतात. विसाव्या शतकात अमेरिकी ज्योतिषी जिम लुईस यांनी नकाशावर ग्रहरेषा काढण्याची पद्धत रूढ केली; त्यात शनी, मंगळ, हर्षल यांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात त्या भागावर लक्ष ठेवतात. भारतीय पद्धतीत त्यासाठी कूर्मचक्र आहे. कृत्तिका-रोहिणी-मृग मध्यदेश, पुढे आर्द्रेपासून तीन-तीन नक्षत्रे पूर्व, आग्नेय, दक्षिण, नैऋत्य, पश्चिम, वायव्य, उत्तर, ईशान्य या क्रमाने. रेवती-अश्विनी-भरणी ईशान्येला येऊन चक्र पुरे होते. ग्रहण किंवा पापयोग ज्या नक्षत्रात, त्या दिशेच्या प्रदेशाला पीडा. हे चक्र प्राचीन भारताच्या भूगोलासाठी बनले. जपान किंवा चिली त्यात कुठे बसवायचे याला आधार नाही. देशाच्या मध्यापासून दिशा मोजणे ही आजची सोय आहे, शास्त्रवचन नव्हे.

काळासाठी दुसऱ्या शतकातील ज्योतिषी टॉलेमीचा नियम पाश्चात्त्य परंपरेत प्रमाण मानतात: सूर्यग्रहण जितके तास चालले तितकी वर्षे त्याचे फळ, चंद्रग्रहण जितके तास तितके महिने. ग्रहण पूर्व क्षितिजाजवळ असेल तर परिणामाची सुरुवात पहिल्या चार महिन्यांत, माथ्यावर असेल तर दुसऱ्या चार महिन्यांत, पश्चिमेला असेल तर शेवटच्या चार महिन्यांत.

मग येतो 'चेतवणारा' ग्रह. ग्रहणाचा अंश तापलेला मानतात आणि मंगळ त्या अंशावर, त्याच्या समोर किंवा केंद्रात (९० अंशांवर) आला की घटना घडेल असे सांगतात. थोडा हिशेब करून पाहा. वर्षभरातली चार ग्रहणे धरली, प्रत्येकाचे चार बिंदू घेतले आणि दोन्ही बाजूंना ३ अंशांची सूट दिली, तर ४ × ४ × ६ = ९६ अंश होतात. वर्तुळ ३६० अंशांचे. म्हणजे मंगळ एरवीही सव्वीस-सत्तावीस टक्के काळ कोणत्या तरी तापलेल्या बिंदूवर असतोच. सूट १ अंशावर आणली तर हाच आकडा नऊ टक्क्यांवर येतो. सूट किती द्यायची हे घटनेआधी ठरवा. घटना झाल्यावर ती हवी तशी ताणली जाते.

एक नमुना : २६ डिसेंबर २००४

सुमात्राजवळचा ९.१ तीव्रतेचा भूकंप जागतिक वेळेनुसार ००.५८.५३ ला, म्हणजे भारतीय वेळेनुसार सकाळी ६.२८.५३ ला झाला. त्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमेचा क्षण सुमारे १४ तास पुढे होता. लाहिरी अयनांशाने चंद्र मिथुनेत चार अंशांच्या पुढे, मृग नक्षत्रात. सूर्य धनूत, मूळ नक्षत्रात.

आता चक्रे लावा. मृग हे वायव्य मंडळ, म्हणजे वाऱ्याचे. प्रत्यक्षात आला समुद्र. कूर्मचक्रात मृग म्हणजे मध्यदेश. प्रत्यक्षात हानी झाली ती हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर. मंडळ आणि दिशा, दोन्ही चुकले. पण घटनेनंतर लिहिणारा इथे थांबत नाही. 'सूर्य मूळ नक्षत्रात, आणि मूळ वारुण मंडळातले' असे तो म्हणतो. किंवा 'चंद्र काही तासांतच आर्द्रेत जाणार होता, आर्द्रा वारुण' असे म्हणतो. दोन्ही विधाने खरीच आहेत. पण मंडळ चंद्राच्या नक्षत्रावरून आणि घटनेच्या क्षणीच ठरवायचे असते. नियम वाकवला की कोणतेही मंडळ मिळते. सराव करायचा असेल तर आधी कागदावर उत्तर लिहा, मग घटनेची माहिती उघडा.

पौर्णिमा-अमावास्येचा मोह

ज्योतिषांच्या हातातली सर्वांत आवडती यादी अशी असते: १५ जानेवारी १९३४ चा बिहार-नेपाळ भूकंप, अमावास्या. २८ मार्च १९६४ चा अलास्का, जागतिक तारखेने, पौर्णिमा. २६ डिसेंबर २००४, पौर्णिमा. ६ फेब्रुवारी २०२३ चा तुर्कस्तान, पौर्णिमेनंतर सुमारे सात तासांनी. यादी प्रभावी वाटते. तिच्यात ११ मार्च २०११ चा जपान नसतो, २५ एप्रिल २०१५ चा नेपाळही नसतो, कारण दोन्ही वेळा चंद्र शुक्ल अष्टमीच्या आसपास होता. जपानच्या वेळी तर १९ मार्चच्या 'सुपरमून'चा गाजावाजा आधीच सुरू होता; भूकंप झाला तेव्हा चंद्र पृथ्वीपासून दूरच्या बाजूला होता.

पर्वांतले, म्हणजे अमावास्या आणि पौर्णिमा यांच्यातले, अंतर सरासरी पावणेपंधरा दिवसांचे. 'पौर्णिमा-अमावास्येच्या तीन दिवस आधी किंवा नंतर' म्हटले की पावणेपंधरापैकी सहा दिवस, म्हणजे चाळीस टक्के काळ, आपोआप झाकला जातो. शंभर भूकंपांतले चाळीस या खिडकीत सापडणे ही काहीच विशेष गोष्ट नाही. 'ग्रहणानंतर महिनाभरात' याचा हिशेबही तसाच. ग्रहणांचे हंगाम साधारण १७३ दिवसांनी येतात आणि प्रत्येकात पंधरवड्याच्या अंतराने किमान दोन ग्रहणे असतात. पहिल्या ग्रहणापासून दुसऱ्यानंतरच्या महिन्यापर्यंत सुमारे ४५ दिवस. म्हणजे वर्षाचा चौथा हिस्सा.

दुसरी बाजू भूकंपांची. ७ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप जगात वर्षाला सरासरी पंधराच्या आसपास होतात. कोणतीही ३० दिवसांची खिडकी उघडा, त्यात असा एक तरी भूकंप सापडण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या घरात जाते. 'येत्या महिन्यात जगात मोठा भूकंप' हे भाकीत कुंडली न मांडताही बहुतेक वेळा बरोबर येते.

चंद्राबद्दल एवढे मान्य करायला हवे की पृथ्वीच्या घन कवचालाही भरती येते. जमीन काही दशांश मीटर वर-खाली होते. पर्वकाळच्या जास्त ताणात मोठ्या भूकंपांची शक्यता किंचित वाढत असावी असे काही भूकंपशास्त्रीय अभ्यास सुचवतात. पण ग्रहांकडे हा धागा नेता येत नाही. शुक्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो तेव्हाही त्याचा भरतीचा जोर चंद्राच्या सुमारे वीस हजाराव्या हिश्श्याएवढा असतो. गुरूचा त्याहूनही कमी. शनी-मंगळ युतीला गुरुत्वाकर्षणाचा आधार देणारा लेख दिसला तर तिथेच वाचन थांबवायला हरकत नाही. ज्योतिषाची परंपरा शकुनाच्या भाषेत बोलते. तिला विज्ञानाचा अंगरखा चढवला की दोन्हीकडे चूक होते.

भाकीत कसे लिहावे

लिहिताना सहा गोष्टी एकाच परिच्छेदात हव्यात: घटनेचा प्रकार, किमान तीव्रता किंवा मोजता येईल असे माप, प्रदेश, अक्षांश-रेखांशांच्या चौकटीत, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, कोणत्या कुंडलीवरून आणि कोणत्या अयनांशाने, आणि काय घडले नाही तर भाकीत चुकले असे मानायचे. 'दक्षिणेकडील भागात जलसंकट' याला भाकीत म्हणता येणार नाही, कारण दक्षिणेत कुठे ना कुठे पाणी तुंबतेच.

मग त्याच प्रदेशाच्या गेल्या तीस-चाळीस वर्षांच्या नोंदी घ्या. त्या चौकटीत, तेवढ्या दिवसांत, तेवढ्या तीव्रतेची घटना एरवी किती वेळा होते ते मोजा. ते उत्तर भाकिताशेजारी टक्क्यांत लिहा. वीस भाकिते झाली की बरोबर आलेली मोजा आणि योगायोगाने किती बरोबर यायला हवी होती त्याच्याशी ताडून पाहा. चुकलेली भाकिते वहीतून फाडू नका. बहुतेकांची वही इथेच बिघडते. पावसाच्या वाचनात एक जादा सापळा आहे: बृहत्संहितेतील मेघगर्भाचा, म्हणजे ढगांत पावसाचा गर्भ धरतो असे मानणारा, नियम गर्भधारणेपासून १९५ दिवसांनी पाऊस सांगतो आणि पक्ष उलटतो, शुक्लातला गर्भ कृष्णात प्रसवतो. हा नियम आकाशाच्या निरीक्षणावर उभा आहे. मार्गशीर्षापासूनच्या ढग-वाऱ्याच्या नोंदी ठेवल्याच नसतील तर फक्त ग्रह पाहून तो लावता येत नाही.

मोठ्या युतींचा इतिहास

सप्टेंबर ११८६ मध्ये बरेच ग्रह तुळेत जमणार म्हणून प्रलयंकारी वादळाची पत्रे युरोपभर फिरली. वायुराशी, म्हणून वादळ. तर्क पद्धतीला धरून होता. फेब्रुवारी १५२४ मध्ये मीनेत युती, जलराशी, म्हणून महापूर. त्यावर शंभराहून अधिक पत्रके छापली गेली आणि लोकांनी उंच जागा शोधल्या. ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ या काळात मकरेत अष्टग्रही (आठ ग्रहांची युती) झाली, वर सूर्यग्रहण. भारतभर यज्ञ आणि जप झाले. १० मार्च १९८२ ला ग्रह सूर्याच्या एका बाजूला येणार म्हणून कॅलिफोर्नियातील मोठ्या भूकंपाची भीती पसरवली गेली. चारही वेळा सांगितलेली आपत्ती आली नाही.

११८६ आणि १५२४ मध्ये राशीचे तत्त्व पाहून प्रकार ठरवला, स्थळ मोघम ठेवले, आणि चारही प्रसंगी युती जितकी दुर्मीळ तितकी आपत्ती मोठी असे गृहीत धरले. दुर्मीळ असणे आणि बलवान असणे या ज्योतिषातही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रह एका राशीत असले तरी त्यांच्यात वीस-पंचवीस अंशांचे अंतर असू शकते. अंशात्मक युती नसेल तर परंपरेनेसुद्धा तिला फारसे बळ द्यायला नको होते.

सार्वजनिक इशारा देण्याचा मोह मात्र आवरावाच. भारतात आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार आपत्तीबद्दल खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. वादळाच्या आणि पुराच्या सूचनेसाठी हवामान खात्याचे पत्रक पाहावे. भूकंपासाठी घराचे बांधकाम. मेदिनीय कुंडली अभ्यासाच्या वहीत, तारखेसह आणि टक्क्यांसह.